किल्ला शत्रूच्या डोळ्यांनी पाहा!



नळदुर्गची सहल म्हटली, की नर-मादी धबधबे, मोबाइलवरचे फोटो आणि डबा एवढेच पुष्कळांना आठवते. धबधबे छानच आहेत. पण जो फक्त धबधबे पाहून आला, त्याने किल्ला पाहिलाच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. किल्ला शोभेसाठी बांधलेला नसतो, तो शत्रूला अडवण्यासाठी असतो. म्हणून तो शत्रूच्या डोळ्यांनी पाहावा.

समजा, आपणच फौज घेऊन नळदुर्ग घ्यायला निघालो. किल्ला आहे बोरी नदीच्या खोऱ्यात पुढे आलेल्या काळ्या दगडाच्या टेकाडावर. तीन बाजूंना उभे कडे. चढणार कुठून? राहिली पश्चिमेची बाजू. तिथे टेकाड बाहेरच्या माळाला जोडलेले. पण बांधणारे काय कमी हुशार होते? त्यांनी तिथला खडक फोडून रुंद, खोल खंदक केला. निसर्गाने जिथे कडा दिला नाही, तिथे माणसांनी तो तयार केला!

बरं, खंदक ओलांडला असे धरू. पुढे तट, आणि तटातून जागोजागी बाहेर आलेले बुरूज. नुसती सरळ भिंत असती, तर तिच्या पायाशी चिकटलेला शत्रू वरच्या शिपायाला नीट दिसला नसता. बुरूज पुढे असल्यामुळे त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मारा करता येतो. शिवाय आत उंच उपळी बुरूज आहे. त्यावरून लांबचा मुलूख दिसतो. लपून येण्याची सोयच नाही.

मग वेढा घालून बसू. पाणी संपले की आतले लोक दार उघडतील! तेही जमायचे नाही. किल्ला आणि पलीकडचे रणमंडळ यांच्यामध्ये दगडी बंधारा घालून नदीच अडवली आहे. पाणीही मिळाले आणि रणमंडळात जायला वाटही झाली. याच बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळात, १६१३ साली तो बांधला गेला. बाहेर वरून पाणी कोसळते आणि आतला माणूस कोरडा!

काहीजण म्हणतात, "लहान मुलांना हे काय कळणार? कंटाळतील." मला हे पटत नाही. आट्यापाट्या खेळताना कुठून घुसायचे आणि कुणाला कुठे अडवायचे, हे आपल्याला बरोबर कळते की! किल्ल्याचेही तसेच आहे.

आणि एक. अशा भिंतींवर कोळशाने, खिळ्याने नावे लिहिणारे लोक असतात. तो एकेक दगड कशासाठी बसवला आहे हे ज्याला समजले, त्याचा हात असे करायला धजणार नाही, असे मला वाटते. नुसत्या पाट्या लावून हे थांबत नाही.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. यंदा नळदुर्गला गेल्यावर आधी आम्हाला खंदकापाशी न्यावे. गट पाडून प्रत्येक गटाला "किल्ला कसा घ्याल?" हा प्रश्न द्यावा. मग तट, बुरूज आणि बंधारा दाखवावा. धबधबे आणि डबा त्यानंतर. भूकही तोवर चांगली लागलेली असेल!

– इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी