रंगाखाली दडलेली ओल

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात. पावसाळा नुकताच संपलेला असतो, भिंतींना ताजा रंग लागलेला असतो आणि गिऱ्हाईक बोनसची रक्कम घेऊन दारात उभे असते. या दिवसांत घर पाहणे म्हणजे विकणाऱ्याच्या सोयीच्या वेळी पाहणे होय. जी भिंत जुलै महिन्यात पाझरत होती, ती नोव्हेंबरात कोरडी ठणठणीत दिसते. रंगाच्या दोन हातांखाली काळी-हिरवी बुरशी झाकली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात नव्या मालकाच्या उशाशी पुन्हा उगवते. तोवर खरेदीखत नोंदलेले असते आणि कर्जाचे हप्तेही सुरू झालेले असतात.

हा विषय आम्ही आज मुद्दाम हाती घेत आहोत. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांत स्वतःच्या नावावर घर घेणारी ही पहिलीच पिढी आहे. आई-वडिलांनी चाळीत, झोपडपट्टीत, सरकारी क्वार्टर्समध्ये आयुष्य काढले. मुलाने प्रॉव्हिडंट फंड काढून, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन बदलापूर, नालासोपारा किंवा पुण्याच्या वेशीवर दोन खोल्या घेतल्या. ज्याच्या घराण्यात याआधी कोणी घर विकत घेतलेलेच नाही, त्याला काय पाहावे हे सांगणार कोण? दलालाला दलाली हवी, बिल्डरला माल खपवायचा आणि बँकेचा वकील टायटल तपासतो, भिंत तपासत नाही. घर ओलसर निघाले तर या कुटुंबाला जायला दुसरे घर नाही आणि गावाकडे परतायला वाडाही नाही.

भिंतीवरची बुरशी हा निव्वळ शोभेचा प्रश्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा, खोकला आणि श्वसनाच्या विकारांचा धोका वाढतो, हे त्यांत स्पष्ट नमूद आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक मूल दगावले. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संसर्गामुळे हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष तेथील मृत्यू-चौकशीत नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाला. कुटुंब सुदानी वंशाचे होते. बापाने तक्रार केली तेव्हा त्याला 'वरून रंग मारा' असे सांगण्यात आले होते आणि त्या कुटुंबाच्या राहणीविषयी, आंघोळीच्या पद्धतीविषयी तर्क लढवले गेले होते. त्यातूनच तेथे २०२३ चा कायदा आला. सामाजिक गृहनिर्माणातील भाडेकरूंसाठी तो ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

वाचकहो, 'तुमच्या राहणीमुळे हे होते' हे वाक्य आपल्याला नवीन आहे काय? आपल्याकडेही तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला हेच उत्तर मिळते. तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळवता, माणसे फार आहेत! घराचा दोष माणसावर ढकलणे ही जुनी चाल आहे. हवा खेळती नसेल तर भिंतीवर दमटपणा धरतो, हे खरे. परंतु खिडकीसमोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत उभी करणारा कोण? स्वच्छतागृहाचे वॉटरप्रूफिंग कच्चे सोडणारा कोण? त्याचा जाब राहणाऱ्याला विचारायचा नसतो.

आता कायद्याकडे वळू. जुने घर विकत घेताना १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. त्याच्या कलम ५५ नुसार मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि सामान्य काळजी घेऊनही सापडणार नाही, तो उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो लपवणे म्हणजे कपट, असे तेच कलम म्हणते. पण 'सामान्य काळजी' हे शब्द नीट वाचा. उघड्या डोळ्यांना दिसणारा डाग तुम्ही पाहिला नाही, तर कायदा तुमच्या मदतीला सहज धावून येत नाही. म्हणून घर पाहणे हा खरेदीदाराच्या हक्काचाच पाया आहे.

कसे पाहावे? शक्य असेल तर घर भर पावसाळ्यात पाहावे, आणि किमान दोनदा. दार उघडताच कुबट वास येतो का, पाहावे. अगरबत्तीचा घमघमाट असेल तर अधिक संशय घ्यावा. कपाट, पलंग भिंतीपासून सरकवायला लावावा. न्हाणीघराच्या मागची भिंत, खिडकीखालचा कोपरा, सर्वात वरच्या मजल्याचे छत, तळमजल्याच्या भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा या ठिकाणी ओल हमखास सापडते. गिलावा टकटक करून पोकळ वाजतो का, पोपडे सुटलेत का, एकाच भिंतीला तेवढा नवा रंग आहे का, हे तपासावे. प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवावा. आतल्या बाजूने पाणी धरले तर ओल भिंतीत आहे आणि बाहेरच्या बाजूने धरले तर खोलीच्या हवेत. सोबत एखादा जाणता गवंडी किंवा प्लंबर न्यावा. लाखोंच्या व्यवहारात त्याची एका दिवसाची मजुरी जड नाही.

शेजाऱ्यांशी बोलावे. सोसायटीकडे गळतीच्या जुन्या तक्रारी मागाव्यात. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावयास हवे. तो अहवाल मागावा. आणि विकणाऱ्याला लेखी विचारावे की या घरात गळती, ओल, बुरशी होती काय, दुरुस्ती केव्हा झाली? उत्तर साठेकरारात लिहून घ्यावे. तोंडी शब्दाला न्यायालयात उभे करणे फार कठीण असते.

नव्या इमारतीत हक्क अधिक भक्कम आहे. रेरा कायदा २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील वा कारागिरीतील दोष बिल्डरच्या निदर्शनास आणल्यास तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दूर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. न केल्यास भरपाई मागता येते. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे, मात्र तेथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. म्हाडासारख्या सरकारी मंडळाने दिलेले घर असले तरी घाबरू नये. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच घरबांधणी ही 'सेवा' ठरवून अशा मंडळांना ग्राहक कायद्याखाली आणले आहे.

पण मुदत कोणासाठी थांबत नाही. आपली माणसे पहिला पावसाळा 'बघू' म्हणून काढतात, दुसरा पदरच्या पैशाने डांबर-रंग लावून काढतात आणि पाचवा उलटल्यावर वकिलाकडे येतात. पहिला डाग दिसताच तारखेसह फोटो काढावा, पोच मिळेल अशा टपालाने व ई-मेलने बिल्डरला पत्र पाठवावे. डॉक्टरांची कागदपत्रे जपावीत. त्याआधी फरशा उखडू नयेत, नाहीतर दोष तुमच्याच तोडफोडीचा ठरवला जातो. दहा घरांत ओल असेल तर दहा जणांनी मिळून तक्रार करावी. खरेदीदारांच्या संघटनेलाही रेराकडे जाता येते.

आणि दुरुस्ती होईल तेव्हा ती मुळाशी व्हावी. पाण्याची वाट बंद न करता बुरशी पुसली तर ती परत येणारच. प्रथम गळती शोधावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी, सडलेला गिलावा काढावा आणि मगच रंग लावावा. बिल्डरचा माणूस थेट रंगाचा डबा घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे आणि तसे लेखी कळवावे.

विहार, वस्ती, मंडळ येथे आपण अनेक विषयांवर शिबिरे घेतो. घर घेणाऱ्यांसाठी एक दिवस का ठेवू नये? एक वकील, एक सिव्हिल इंजिनिअर, एक गवंडी आपल्यातच सापडतील. पिढ्यान्पिढ्या ज्यांना गावाबाहेरची पाणथळ जागा वाट्याला आली, त्यांनी आता घामाच्या पैशाने विकत घेतलेले घर तरी कोरडे असावे, ही मागणी मुळीच मोठी नाही. ती ठणकावून आणि मुदतीत करावयास हवी.