राखणदाराला रजा

घरच्या संगणकावरून एक अँटिव्हायरस काढून टाकण्यासाठी गेल्या दिवाळीच्या सुटीतले तीन दिवस आम्हांला खर्ची घालावे लागले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. संगणकाशी आमचा संबंध टंकलेखन, परीक्षेचे गुण भरणे आणि ई-मेल एवढ्यापुरताच. तेव्हा अशा विषयावर लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कुणी विचारील. पण जो अनुभव आला तो तांत्रिक कमी आणि नैतिक अधिक आहे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

संगणक विकत घेतला तेव्हाच हा अँटिव्हायरस त्यात बसवलेला होता. आम्ही तो मागितला नव्हता. वर्षभराची फुकट मुदत संपली आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकटी उमटू लागल्या : तुमचा संगणक धोक्यात आहे, आजच नूतनीकरण करा. चौकट बंद करावयाची तर आपण जाणूनबुजून धोका पत्करीत आहोत, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यावर टिचकी मारावी लागे. संगणक मंदावला. गुण भरता भरता मध्येच चौकट येई आणि भरलेला आकडा जाई. 'भीक नको, पण कुत्रा आवर' ही म्हण आम्ही वर्गात अनेकदा समजावून सांगितली आहे. तिचा अर्थ खऱ्या अर्थाने तेव्हा कळला.

सेटिंग्जमधल्या यादीत त्याचे नाव शोधून 'अनइन्स्टॉल' दाबले. त्याने कारण विचारले, निम्म्या किमतीची सवलत देऊ केली, आणि मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावयास सांगितले. यादीतून नाव गेले, चौकटी राहिल्या. त्याचा फोल्डर हाताने पुसावयास गेलो तर 'परवानगी नाही' असे उत्तर आले. याहून काळजीची गोष्ट पुढे कळली. विंडोजमध्ये आता स्वतःचा डिफेंडर असतो. दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला असला की तो बाजूला होतो. आमच्याकडे अर्धवट निघालेल्या राखणदाराची नोंद तशीच राहिली होती, आणि तिच्यावर विसंबून डिफेंडर स्वस्थ बसला होता. म्हणजे एकजण ओरडत होता, दुसरा झोपला होता, आणि घर उघडेच होते.

संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानातल्या तरुणाने दोन मिनिटांत निदान केले : "सर, फॉरमॅट मारून देतो. तासाभराचं काम हाय." आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्या संगणकात जात्यावरच्या ओव्या होत्या. उंब्रज, चाफळ, तारळे, मसूर या टापूतल्या बायाबापड्यांच्या तोंडून बारा वर्षांत टिपून घेतलेल्या, आणि निम्म्याहून अधिक जुन्या श्रीलिपीत टंकलेल्या. ज्यांनी त्या सांगितल्या त्यांतल्या कित्येकजणी आज हयात नाहीत. सगळ्यांची दुसरी प्रत काढून ठेवली नव्हती, हा आमचा आळस. तो आम्ही नाकारीत नाही. पण नकोसा पाहुणा जात नाही म्हणून घरच पाडावे, हा उपाय आम्हांला पटेना. संगणक परत आणला.

अखेर पुण्यात संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोनवरून वाट दाखवली. "मॅडम, आधी ओव्या पेनड्राइव्हवर घ्या, बाकीचं मग," हे तिचे पहिले वाक्य. मग तिने सांगितले की अँटिव्हायरसचे अनेक निर्माते तो समूळ काढण्यासाठी एक वेगळे साधन तयार करून ठेवतात. ते त्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावयाचे. इतरत्र त्याच नावाने भलतेच काही गळ्यात पडू शकते. नंतर संगणक सेफ मोडमध्ये सुरू करावयाचा. त्या अवस्थेत विंडोज अगदी आवश्यक तेवढेच घेऊन उठते, त्यामुळे राखणदार बहुधा जागा होत नाही. काही संगणक या वेळी बिटलॉकरची किल्ली मागतात, तेव्हा ती आधीच हाताशी ठेवावी. साधन चालवावयाचे, संगणक पुन्हा सुरू करावयाचा, आणि डिफेंडर जागा झाला की नाही हे डोळ्यांनी पाहून घ्यावयाचे. वीस मिनिटांत सारे संपले.

आता प्रश्न असा की हा अँटिव्हायरस इतका चिवट का? याचे एक उत्तर न्याय्य आहे. संगणकात शिरलेला विषाणू पुष्कळदा पहिले काम करतो ते राखणदाराला गप्प करण्याचे. म्हणून राखणदाराला विंडोजच्या अगदी गाभ्यात जागा दिलेली असते आणि आपल्या फायली कुणाला पुसू न देण्याची मुभा असते. एवढी सत्ता किती जोखमीची आहे हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. असंख्य संगणक मूळपदावर आणण्यासाठी एकेकाला सेफ मोडमध्ये सुरू करून एक फाइल पुसावी लागली. जोखीम मान्य करूनही आम्ही म्हणू की चोराला दाद न देणारा राखणदार हवाच.

पण चोराला दाद न देणे वेगळे आणि मालकाला न ओळखणे वेगळे. समूळ काढण्याचे साधन निर्मात्यानेच बनवलेले असते. याचा अर्थ आपला नेहमीचा 'अनइन्स्टॉल' कधीकधी अपुरा पडतो हे त्याला ठाऊक असते. तरीही ते साधन संकेतस्थळाच्या अडगळीत, आणि नूतनीकरणाचे बटण मात्र डोळ्यांसमोर. ते साधन उघड्यावर ठेवले तर विषाणूच त्याचा वापर करील, असा आक्षेप येऊ शकतो. त्यावर उपाय आहेत : मालकाचा पासवर्ड विचारा, सेफ मोडची अट घाला. वाट अवघड असली तरी चालेल. ती ठाऊक असणे हा मालकाचा हक्क आहे.

हा केवळ आमच्या चिडचिडीचा विषय नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न्स'विषयी मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या आणि ग्राहकाला फसवणारे १३ प्रकार नमूद केले. त्यांत वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे आहे, पुन्हापुन्हा टोचणी लावणे आहे, नकार देणाऱ्याला ओशाळे करणे आहे, आणि संगणकात विषाणू असल्याची खोटी भीती घालून पैसे उकळणेही आहे. अमेरिकेत २००९ साली संमतीवाचून वर्गणीचे नूतनीकरण केल्याच्या आरोपावरून सिमँटेक आणि मॅकअफी या दोन कंपन्यांनी न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी तडजोड केली आणि प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर भरले. तेव्हा दुखणे जुने आहे आणि ते दुखणे म्हणून मान्यही झाले आहे.

या धंद्याविषयी आमच्या मनात आकस नाही. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या काटकर बंधूंनी पुण्यात दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात करून नव्वदच्या दशकात 'क्विक हील' उभे केले, याचा आम्हांला अभिमानच आहे. (आम्ही काढला तो अँटिव्हायरस हा नव्हे.) आमची मागणी एवढीच की बसवणे जितके सोपे, काढणेही तितकेच सरळ असावे, आणि काढण्याची रीत ग्राहकाच्या भाषेत लिहिलेली असावी.

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. 'अनइन्स्टॉल'ला मराठीत काय म्हणावे यावर आम्हां दोघांत त्या तीन दिवसांतही वाद झाला. 'विस्थापित करणे' हा शब्द एकाने सुचवला. दुसऱ्याने तो तिथल्या तिथे फेटाळला. कोयनेच्या जिल्ह्यात विस्थापित म्हणजे धरणात घर गेलेला माणूस. त्याला उठवताना कुणी चौकट उघडून त्याची परवानगी विचारली नव्हती. खऱ्या घरातून माणूस इतक्या सहज उठवता येतो, आणि न बोलावता आलेली एक आज्ञावली मात्र मालकाने सांगूनही उठत नाही. आम्ही शेवटी 'रजा देणे' हा शब्द घेतला. राखणदाराला रजा देण्याचा अधिकार ज्याला आहे, तोच घराचा मालक.

ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत.