सोडियम एमआरआय: शरीरातलं मीठ दाखवणारा स्कॅन अजून आपल्या हॉस्पिटलमध्ये का नाही?

डायलिसिसवर असलेल्या पेशंटच्या घरात एक वाद ठरलेला असतो: जेवणात मीठ किती? रक्तातलं सोडियम नॉर्मल आलं, तरी डॉक्टर मीठ कमीच करायला सांगतात. मग जास्तीचं मीठ जातं कुठे?

जर्मनीत एर्लांगेन इथे येन्स टिट्झे यांच्या गटाने याचं उत्तर थेट एमआरआयवर दाखवलं. सोडियम त्वचेत आणि स्नायूंमध्ये साठून राहतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही.

हा स्कॅन म्हणजे सोडियम एमआरआय. तंत्र नवं नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सादेक हिलाल यांच्या टीमने १९८०च्या दशकातच माणसाच्या मेंदूच्या अशा प्रतिमा काढल्या होत्या. तरीही तो संशोधनाबाहेर फारसा पडला नाही.

मशीनला सोडियम 'ऐकू' का येत नाही?

नेहमीचा एमआरआय पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचा सिग्नल टिपतो. ३ टेस्लाच्या मशीनमध्ये हायड्रोजन साधारण १२८ मेगाहर्ट्झवर बोलतो, सोडियम ३४ वर. रेडिओचा काटा एकाच स्टेशनवर घट्ट बसवलेला असावा, तशी ही गत. सोडियमसाठी वेगळी कॉइल लागते आणि त्या फ्रिक्वेन्सीवर चालणारा अॅम्प्लिफायरही. ही सोय वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. रोजच्या कामात तिचा उपयोग नसल्याने बहुतेक हॉस्पिटलं त्या वाटेला जात नाहीत.

सोय असली तरी अडचण संपत नाही. शरीरात पाण्याच्या मानाने सोडियम फारच कमी, त्यामुळे सिग्नल हजारो पटींनी क्षीण. त्यातही बराचसा सिग्नल काही मिलीसेकंदांतच विरतो. मेंदूच्या नेहमीच्या टी-२ स्कॅनमध्ये मशीन साधारण ८० ते १०० मिलीसेकंदांनी सिग्नल टिपतं. तोवर सोडियम केव्हाच गप्प झालेलं असतं!

म्हणून इथे अर्ध्या मिलीसेकंदाच्या आतच ऐकायला सुरुवात करतात आणि माहिती सायकलच्या आऱ्यांसारखी, मधून बाहेरच्या दिशेने गोळा करतात. एवढं करूनही १० ते २० मिनिटांच्या स्कॅनमध्ये चित्राचा एकेक ठिपका ३ ते ५ मिलिमीटरचा, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढा येतो. रोज एक मिलिमीटरची चित्रं बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ते धुरकट वाटणारच.

मग हा खटाटोप कशासाठी?

कारण साधा एमआरआय मुख्यतः रचना दाखवतो, सोडियम पेशीची तब्येत सांगतं. निरोगी पेशीत सोडियम १० ते १५ मिलिमोल असतं, बाहेर त्याच्या साधारण दहापट. हा फरक पेशीतला पंप ऊर्जा खर्च करून टिकवतो. (या पंपाच्या शोधासाठी येन्स स्को यांना १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) पंप थकला की सोडियम आत शिरतं. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्ट्रोक या सगळ्यांत वाढलेलं सोडियम दिसलं आहे. गुडघ्याच्या झिजलेल्या कूर्चेत उलट ते घटतं.

स्ट्रोकचं उदाहरण सर्वात जास्त दिलं जातं. मला मात्र तेच सर्वात कच्चं वाटतं. स्ट्रोक झोपेत झाला असेल, तर तो किती जुना याचा अंदाज साध्या एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमा ताडून घेता येतो. जिथे मिनिटामिनिटाला मेंदूच्या पेशी मरतात, तिथे सोडियमसाठी आणखी पंधरा मिनिटं कोण थांबेल?

किडनीच्या पेशंटचं तसं नाही. त्यांना घाई नसते. पोटरीखाली १०, २०, ३० आणि ४० मिलिमोल मिठाच्या पाण्याच्या नळ्या ठेवतात आणि त्यांच्या उजेडाशी तुलना करून स्नायूतलं सोडियम आकड्यात मोजतात. इंजेक्शन नाही, गॅडोलिनियम नाही. किडनी बिघडलेल्यांना गॅडोलिनियम जपून द्यावं लागतं, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट छोटी नाही. डायलिसिसनंतर हे साठलेलं सोडियम कमी झाल्याचंही अशा स्कॅनवर दिसलं आहे.

गंमत म्हणजे सोडियमची वाट कदाचित फुफ्फुसांमुळे मोकळी होईल. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२२ मध्ये फुफ्फुसांच्या एमआरआयसाठी झेनॉन वायूला मंजुरी दिली. ३ टेस्लाच्या मशीनमध्ये झेनॉन साधारण ३५ मेगाहर्ट्झवर बोलतो, सोडियमच्या अगदी शेजारी. झेनॉनसाठी जे हॉस्पिटल हायड्रोजनपलीकडचं ऐकणारा अॅम्प्लिफायर घेईल, त्याला सोडियमसाठी मुख्यतः कॉइलच काय ती वेगळी घ्यावी लागेल.