पाहुण्यांच्या हाती भंगार काठी

मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहिलाय, आधीच सांगून ठेवतो. चिडलोय मुख्यतः स्वतःवर. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना लागू पडेल, म्हणून जाहीरपणे.

लहानपणी आपल्या घरात काचेचं एक कपाट असायचं, आठवतंय? त्यात सोनेरी काठाचे सहा कप. घरचे सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचे आणि ते कप फक्त पाहुण्यांसाठी निघायचे. धुतलेली चादर पाहुण्याला, पंख्याखालची जागा पाहुण्याला, तळलेल्या सुरमईचा मधला तुकडा पाहुण्याला. आई-आजीचा हिशोब सरळ होता: चांगलं ते पाहुण्याला, उरेल ते आपल्याला.

तेच आपण अमेरिकेत आलो, बऱ्यापैकी कमवायला लागलो आणि हिशोब बरोब्बर उलटा केला. पाहुण्यांना झोपायला रात्रभर हवा सोडणारी गादी. वापरायला काच तडकलेला जुना फोन. आणि फ्लाय फिशिंगला नेलं, तर घरातली सगळ्यात भंगार काठी. आज या शेवटच्या प्रकाराबद्दल बोलायचंय.

आमच्या डेन्व्हरच्या देशी कंपूत हा छंद आता बऱ्यापैकी पसरलाय. ट्रेकिंग झालं, कॅमेरे झाले, आता नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ट्राउट. ठीक आहे, मीही त्यातलाच. प्रत्येकाकडे स्वतःसाठी एक झकास रॉड असतो. उत्तम रॉडच्या किमती आजकाल हजार डॉलरच्या पुढे जातात आणि आपण त्या मोजतोही. पण मे महिन्यात आई-बाबा, सासू-सासरे, काका-मामा आले की गॅरेजमधून एक खोकं निघतं. रॉड, रीळ, लाईन, डबीभर माश्या, सगळं मिळून ४० डॉलर. "त्यांना काय कळतंय? एक दिवस तर वापरायचंय!"

हेच वाक्य मी २०१८ साली म्हटलं होतं.

त्या उन्हाळ्यात माझे वेंगुर्ल्याचे काका आले होते. काका आयुष्यभर बँकेत चिकटले, पण वाढले खाडीकाठी. शाळा सुटली की गरवायला जाणारा माणूस. बोटावर दोरी धरून खाली गरीला तोंड लावणारा मासा कुठला, हे ते न बघता सांगतात, आणि मी ते बरोबर आलेलं पाहिलंय. आमच्या घराण्यात मासे कळणारा एकच माणूस आहे आणि तो मी नव्हे.

कोलोरॅडोत जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी मासेमारीला लायसन्स लागत नाही. म्हटलं, योग जुळून आलाय. त्यांना साउथ प्लॅट नदीवर डेकर्सला घेऊन गेलो. माझा रॉड मी घेतला, खोक्यातला त्यांना दिला.

पुढचा पाऊण तास मला अजून आठवतो. लाईन खोक्यात इतकी वर्षं गुंडाळून पडलेली की जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी झालेली. काका हात मागे नेत, पुढे आणत, आणि लाईन त्यांच्या पायाशी पडे. एकदा टोपीवर. एकदा मागच्या झुडपात. मी शेजारी उभा राहून प्रवचन देतोय: "काका, मनगट नको, कोपर. घड्याळात दहा ते दोन. मागे थोडं थांबा." ते बिचारे शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकतायत. शेवटी रॉड माझ्या हातात देऊन म्हणाले, "ह्या काय आपल्याक जमाचा नाय रे बाबा." आणि दगडावर बसून माझे फोटो काढू लागले.

संध्याकाळी सामान आवरताना सहज त्याच रॉडने एक फेक मारून बघितली. माझी तोवर तीन वर्षं झाली होती शिकून. लाईन वीस फूटसुद्धा सरळ जाईना.

आणि हे मी काकांना सांगितलं नाही. लाज वाटली. ते परत गेले आणि गावभर सांगत सुटले, की तिकडची मासेमारी लय कठीण, आपल्या वयाला झेपणारी नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले लोक. डोनाल्ड नॉर्मन यांचं 'द डिझाईन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' आपल्यातल्या निम्म्यांच्या शेल्फवर आहे, १९८८ पासून ते पुस्तक एकच गोष्ट बजावतंय: वस्तू वाईट बनवलेली असली, तरी माणूस दोष स्वतःला देतो. दार उघडलं नाही की त्याला वाटतं आपलंच चुकलं. ऑफिसात एखादा युजर अडकला तर आपण "त्याला अक्कल नाही" म्हणत नाही, निदान मीटिंगमध्ये तरी नाही. मग नदीवर काकांच्या बाबतीत ती अक्कल कुठे जाते?

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, नेमकं बिघडतं कुठे ते सांगतो. साध्या गळाला शिसं असतं. शिसं पुढे जातं, दोरी त्यामागून जाते. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नाही. इथे वजन असतं लाईनला. मागे-पुढे झुलणाऱ्या लाईनच्या वजनाने रॉड धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना लाईन पुढे फेकतो. म्हणजे रॉड वाकला पाहिजे, आणि वाकलेला हाताला कळला पाहिजे. सगळी मेख एवढीच.

ट्राउटसाठी सर्वसाधारण रॉड म्हणजे ९ फुटी, ५ नंबरचा. हा नंबर लाईनच्या वजनाचा. ५ नंबरच्या लाईनच्या पहिल्या ३० फुटांचं प्रमाणित वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. पण नवखा माणूस ३० फूट फेकतोय कुठे? तो फेकतो पंधरा-वीस फूट. लाईन टोकाकडे निमुळती असते, त्यामुळे तेवढ्या लाईनचं वजन भरतं दोन तृतीयांशाहूनही कमी. एवढ्याशा वजनाने ताठ रॉड वाकतच नाही. हाताला काही कळत नाही, माणूस जोर लावतो, जोर लावला की लाईन कोसळते. काकांचं हेच झालं. वर ती वेटोळी लाईन.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्या कंपूला आवडणार नाहीत.

पहिली: तुमचा हजार डॉलरचा रॉडसुद्धा पाहुण्याच्या कामाचा नाही. हे महागडे रॉड बहुतेक 'फास्ट' असतात, टोकाकडे वाकणारे, वाऱ्यात लांब फेकायला बनवलेले. त्यांना अचूक वेळ साधणारा हात लागतो. शिवाय पाहुण्याला किंमत कळली की तो बिचारा तुमचं तान्हं बाळ धरल्यासारखा रॉड धरतो. म्हणजे "माझा रॉड देतो ना" हा मोठेपणाही उपयोगाचा नाही.

दुसरी: पाहुण्याला सगळ्यात स्वस्त नाही, सगळ्यात सोपा रॉड द्यायचा. सोपा म्हणजे 'मीडियम' किंवा 'मीडियम-फास्ट', मध्यापर्यंत वाकणारा, हळू चालणारा, चूक पोटात घालणारा. असा रॉड आज १०० ते २५० डॉलरमध्ये मिळतो. खूप नाहीत हे पैसे. चार जणांच्या एका जेवणाचं बिल.

आता नेहमीचे आक्षेप.

"वर्षातून एकदा वापरायचा, कशाला खर्च?" वर्षातून एकदा नाही हो. तुमचा रॉड गाडीच्या दारात सापडून मोडेल, त्या दिवशी हाच तुमचा रॉड असेल. रॉड बहुतेक वेळा माशाने मोडत नाहीत, दारांनी आणि छताच्या पंख्यांनी मोडतात. आणि या किमतीतही काही कंपन्या २५ वर्षांची किंवा आजीवन हमी देतात, ठरावीक फी घेऊन तुटलेला तुकडा बदलून मिळतो. खोक्यातला मोडला की तो कचऱ्यात.

"पाहुणे पाच वर्षांतून एकदा येतात." मग विकत घेऊच नका. नदीकाठच्या गावातल्या बऱ्याच फ्लाय शॉपमध्ये रॉड आणि वेडर भाड्याने मिळतात, आणि भाड्याचा रॉड खोक्यातल्यापेक्षा बहुधा शंभर पटींनी बरा असतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य.

"लहान मुलं असतील तर?" तर साधा स्पिनिंग रॉड द्या, मासा लागू द्या, मजा येऊ द्या. किंवा जपानी तेनकारा बघा: रीळच नाही, लांब लवचिक काठी आणि टोकाला बांधलेली दोरी. पॅटागोनिया कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांनी २०१४ साली सहलेखकांबरोबर साध्या फ्लाय फिशिंगवर एक अख्खं पुस्तक काढलं, त्यात तेनकाराची भरपूर वकिली आहे. दोरीची लांबी ठरलेली, त्यामुळे लांब फेक नाही आणि मोठा मासा आवरणं अवघड. पण छोट्या ओढ्यावर उत्तम. आणि खरं सांगू? आपल्या बांबूच्या काठीचीच बहीण ती. काकांच्या हातात ती दिली असती तर दहा मिनिटांनी मी त्यांचे फोटो काढत असतो.

"आम्ही नाही का भंगार रॉडवर शिकलो?" हा आक्षेप ऐकला की माझं डोकं फिरतं. रॅगिंगचं समर्थनही लोक असंच करतात. आपल्याला शिकायला तीन उन्हाळे मिळाले. पाहुण्याकडे एक सकाळ आहे.

तर शेवटी कामाचं. २५० डॉलरच्या आत बसवायचं असेल तर पैसे कसे वाटायचे? रॉड सव्वाशे-दीडशेचा: ९ फुटी, ५ नंबर, चार तुकड्यांचा, मीडियमच्या आसपास. लाईन ५०-६० डॉलरची, आणि इथे काटकसर करू नका. दुकानात हलवून बघताना रॉड छान वाटतो म्हणून लोक सगळे पैसे त्यात ओततात, पण साध्या रॉडवर चांगली लाईन चालते, उत्तम रॉडवर रद्दी लाईन चालत नाही. रॉड थोडा ताठ निघाला तर त्यावर ६ नंबरची लाईन चढवा, जवळच्या फेकीला तो वाकायला लागेल. रीळ सगळ्यात स्वस्त घ्या. दहा-बारा इंची ट्राउटसाठी रीळ म्हणजे लाईन गुंडाळून ठेवायची डबी, दुसरं काही नाही. पुढचा पारदर्शक लीडर ९ फुटांऐवजी साडेसात फुटी लावा, गुंता कमी होतो. गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका आणि पाहुण्याला गॉगल घालायला लावा, कारण पहिल्या तासात तो गळ कुठेही जाऊ शकतो. आणि वर्षातून एकदा लाईन कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, ताणून, पुसून ठेवा.

आणि हो, नदीवर जायच्या आधी तो रॉड स्वतः दहा मिनिटं वापरून बघा. प्रॉडक्शनला पाठवायच्या आधी निदान एकदा चालवून बघतो ना आपण? मग?

मी हे सगळं केलं, पण काका गेल्यावर. त्या रॉडवर आजवर माझ्या मित्राच्या आई, एक मेहुणा आणि ऑफिसातले तिघे जण शिकले. मित्राच्या आईंनी साडी नेसून, वर माझं जॅकेट चढवून, काठावरून चौदा इंची ब्राऊन ट्राउट काढला आणि परत पाण्यात सोडायचाय म्हटल्यावर माझ्याशी भांडल्या.

काकांच्या गुडघ्यांचं मधे ऑपरेशन झालं, आता एवढा प्रवास ते करत नाहीत. गेल्या गणपतीत फोनवर एकदाचं सांगून टाकलं, "काका, त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. काठीच खराब होती, मला माहीत होतं."

थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मगे तेव्हाच सांगूक काय झाला होता तुका?"

उत्तर नव्हतं. अजून नाहीये. यंदा जूनमध्ये मित्राचे सासरे येतायत. लाईन धुऊन ठेवलीये.