उद्या कोणती वस्ती उठणार?

मुंबईच्या चाळीचाळीतून आज एकच प्रश्न ऐकू येतो : आमच्या वस्तीची पाळी केव्हा? पूर्वी असा प्रश्न घेऊन माणसे पंचांगवाल्याच्या दारी जात. ज्यांनी धम्माचा स्वीकार केला त्यांना ते दार आता बंद आहे, आणि त्याची गरजही उरलेली नाही. कारणावाचून कार्य घडत नाही, ही भगवान बुद्धांची शिकवण आहे. वस्ती उठते तीही कारणांनीच उठते. ती कारणे ज्याला ओळखता आली त्याला कोणत्या वस्तीवर उद्या कोणता प्रसंग येणार हे पुष्कळसे आधी सांगता येते. ज्याला आधी कळले त्याला तयारी करता येते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

श्रमिकांच्या जुन्या वस्तीत पैसेवाल्यांचा शिरकाव होतो, जागेचे मोल चढते आणि मूळचा रहिवासी हळूहळू बाहेर फेकला जातो. या क्रियेला इंग्रजीत स्वतंत्र नाव मिळाले ते १९६४ साली. लंडनमधील समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी इझलिंग्टनसारख्या कामकऱ्यांच्या भागात हे घडताना पाहिले आणि त्याचे नामकरण केले. आपण त्याला वस्तीचे सधनीकरण म्हणू. परंतु सधन होते ती वस्ती. वस्तीतली माणसे सधन होतातच असे नाही, हे ध्यानात असू द्यावे.

मुंबईत याचा धडा गिरणगावाने घालून दिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बहुसंख्य कामगारांच्या हाती पुन्हा ते काम आले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते : एक महापालिकेला मोकळ्या मैदानांसाठी, एक म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली हा नियम बदलला आणि वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. २००६ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. पुढे लोअर परळचे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. म्हाडाच्या घरांसाठी गिरणी कामगारांचे अर्ज लाखाच्या वर गेले; बांधून झालेली घरे मात्र काही हजारांतच राहिली. नियमातील एक शब्द बदलला, तेव्हा कामगारांपैकी किती जणांनी तो वाचला होता?

यावरून वस्ती पालटण्याची चार लक्षणे आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पहिले लक्षण तफावतीचे. नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ साली मांडले की, जागेचे आज येणारे भाडे आणि त्याच जागेवर दुसरे काही बांधल्यास येऊ शकणारे भाडे यांतील अंतर जेथे फार वाढते तेथे भांडवल धावत येते. गोठलेल्या भाड्याच्या जुन्या चाळींत ही तफावत किती, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. दुसरे लक्षण शेजाराचे. लोअर परळ पालटले तेव्हा ना. म. जोशी मार्ग आणि वरळी यांची पाळी येणार हे उघड होते. पालटणारा भाग आपल्या कडेच्या वस्तीत आधी शिरतो. तिसरे लक्षण वाहतुकीचे. नवा पूल किंवा नवी रेल्वे जाहीर होते त्या दिवसापासून जमिनीचे मोल हलू लागते. पहिली गाडी धावेपर्यंत ते थांबत नाही. चौथे लक्षण नियमाचे, आणि ते सर्वांत खात्रीचे होय. ज्या वस्तीसाठी शासन बांधकामाच्या नियमांत स्वतंत्र तरतूद करते तिचा नकाशा कुठल्यातरी टेबलावर आधीच पसरलेला आहे, असे खुशाल समजावे.

ही लक्षणे आपल्या वस्त्यांना लावून पाहू. १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत चारही लक्षणे एकत्र होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम झाला, आणि १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची सदनिका असे ठरून वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या पडल्या. शिवडीच्या बारा चाळी मागे राहिल्या, कारण तेथील जमीन बंदराच्या मालकीची आहे. परंतु जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याचा अटल सेतू खुला झाला. शिवडी, वडाळा, नायगाव हा सारा पूर्वेचा पट्टा आता त्याच वाटेवर आहे असे आमचे मत आहे. धारावीला भुयारी मेट्रोचे स्थानक मिळाले, पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. तेव्हा माटुंगा लेबर कॅम्पच्या रहिवाशांनी गाफील राहू नये. आणि घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर, जेथे ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात आपल्या दहा बांधवांचे प्राण गेले, तेही शासनाने पुनर्विकासाच्या यादीत घेतले असून त्याच्या कडेने पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे नेण्याची योजना आहे.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. सार्वजनिक संडासासमोर पहाटे रांग लावणे यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. बाबासाहेबांनी परळच्या बी. आय. टी. चाळीत संसार केला, अभ्यास केला, चळवळ चालविली. म्हणून आपण चाळीतच राहावे असा त्याचा अर्थ निघत नाही. नवे घर हा आपला हक्क आहे. प्रश्न असा आहे की, इमारत उभी राहिल्यावर दहा वर्षांनी त्या घरात कोण असेल? देखभालीचा खर्च आणि उद्वाहनाचे बिल यांचा भार न पेलून एकेक कुटुंब घर विकून कर्जत-कसाऱ्याकडे निघाले, तर वस्ती आपोआप उठेल. वस्ती उठली की विहारातील वंदनेला माणसे राहत नाहीत, १४ एप्रिलची मिरवणूक आटते, मतांचे बळ विखुरते. ज्या चाळींनी चळवळीला माणसे पुरविली त्यांचे फक्त नाव एखाद्या चौकाच्या पाटीवर उरेल.

सबब, ज्यांच्या वस्तीत वरीलपैकी दोन लक्षणे दिसतात त्यांनी सर्वेक्षणाचा माणूस दाराशी येण्याची वाट पाहू नये. खोलीचे कागद आजच पाहावेत. आपल्यापैकी अनेकांच्या भाडेपावतीवर आजोबांचे जुने नाव आहे आणि धम्मदीक्षेनंतर नातवाने नाव किंवा आडनाव बदलले आहे. पात्रतेची यादी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ही दोन माणसे एकमेकांची कोणीच लागत नाहीत. बदललेले नाव शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. राजपत्राची प्रत, मृत्यूचे दाखले, शिधापत्रिका, मतदार यादीतील उतारे एकत्र ठेवावेत. खासगी मालकाच्या चाळीत, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे, मृत भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. म्हणून सोबत राहत असल्याचा पुरावा हाच मुख्य आधार होय. शासकीय चाळीत खोली नावावर करण्याचा अर्ज संबंधित कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी. झोपडपट्टीत १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर सशुल्क, हा भेद लक्षात ठेवून परिशिष्ट-२ मध्ये आपले नाव स्वतः जाऊन तपासावे. नाव गळाले तर मुदतीत अपील करावे.

धर्मांतराने हे हक्क गेले अशी भीती नवदीक्षितांना कोणी घातल्यास ती साफ खोटी समजावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. म्हाडाच्या सोडतीतही अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी राखीव घरे असतात. वारसाहक्काचा १९५६ चा कायदा नावाने हिंदू असला तरी त्याच्या दुसऱ्या कलमाने तो बौद्धांनाही लागू आहे. म्हणजेच मुलीचाही वाटा आहे आणि विधवेचाही. नव्या घराच्या कागदावर पत्नीचे नाव आग्रहाने घालावे. जे घर दोघांच्या नावे आहे ते एका सहीने हातचे जात नाही.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत वाचून घ्यावे. तात्पुरत्या निवासाचे भाडे, घराचे क्षेत्रफळ, ताबा देण्याची मुदत, देखभालीसाठी ठेवायचा निधी आणि विहार व वाचनालय यांची जागा या पाच गोष्टी नोंदणीकृत करारात लिहिल्या नसतील तर सही करू नये. तोंडी आश्वासनाला न्यायालयात फारसे वजन नसते, हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने सांगतो. आणि हे काम एकेकट्याने होणारे नाही. वंदनेनंतर अर्धा तास विहारातच बसून वस्तीतील प्रत्येक खोलीच्या कागदांची यादी करावी. सुशिक्षित तरुणांनी वृद्धांचे अर्ज लिहून द्यावेत.

गिरणगावाला कोणी आधी सांगितले नव्हते. आपल्याला चिन्हे दिसत आहेत. येत्या पौर्णिमेला बांधव विहारात जमतील तेव्हा प्रत्येकाने आपली भाडेपावती सोबत आणावी आणि तिच्यावर कोणाचे नाव आहे ते सर्वांसमक्ष वाचावे. तेथून कामाला आरंभ होऊ द्या.