वड्याचे तेल वांग्यावर

ऑफिसात साहेबांनी चारचौघांत झापले. नोकरीचा प्रश्न असल्याने तिथे उलटून बोलता येत नाही. मग संध्याकाळी घरी चहात साखर कमी पडली किंवा मुलाचा गृहपाठ राहिला, तर एवढे निमित्त पुरते. मानसशास्त्रज्ञ याला 'विस्थापन' म्हणतात. आपण म्हणतो, वड्याचे तेल वांग्यावर!

राग एकदाचा ओकून टाकला की मन मोकळे होते, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी हा समज तपासून पाहिला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना त्यांच्या निबंधावर अपमानकारक शेरे देऊन मुद्दाम चिडवले गेले. काहींनी अपमान करणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काही नुसते शांत बसले. सर्वांत जास्त राग कुणाचा टिकला? ठोसे मारणाऱ्यांचा! शांत बसलेल्यांचा सर्वांत कमी.

कारण सोपे आहे. रागात हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात. तोच प्रसंग उगाळत आदळआपट केली, की शरीर पुन्हा भांडणाच्या पवित्र्यात जाते. घरी मात्र मुलाला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. दाराची बेल वाजताच घर चिडीचूप होऊ लागले, तर वेळीच सावध व्हा.

मग करायचे काय? घरात शिरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे कुठेतरी बसून संथ श्वास घ्या. घरी आल्यावर स्पष्ट सांगा, "आज ऑफिसात मनाविरुद्ध झालंय. तुमच्यावर राग नाही, थोडा वेळ शांत बसू द्या." घरच्यांनीही लगेच खोदून विचारू नये.

याचा अर्थ प्रत्येक अपमान गिळावा, असा मुळीच नाही. मन निवल्यावर साहेबांना एकट्यात भेटून मुद्द्याचे बोला. त्रास वारंवार होत असेल, तर तारखांसह लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. तक्रार जिथली तिथेच पोहोचली पाहिजे.

झोप उडाली असेल, कामावर जायच्या विचारानेच धडधडत असेल, तर डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. मदत मागण्यात कमीपणा कसला?