फॉर्म कोणापुढे धरायचा?

कर्जत-खालापूर पट्ट्यात ‘तुमचा नंबर द्या’ या मागणीवरचा लोकांचा विश्वास उडाला आहे. तो तांदूळवाल्यांनी घालवलेला नाही की पापड लाटणाऱ्या बचत गटांनीही नाही. तो घालवला जमिनीच्या जाहिरातींनी. नेरळ, कशेळे, चौक, खोपोली ही नावे टाकून इंटरनेटवर शोध घेऊन पाहा. ‘फार्महाऊस प्लॉट’, ‘डोंगराच्या कुशीत बंगला’ अशा पानांची रांग लागते आणि त्यातल्या कितीतरी पानांवर किंमत दिसतच नाही. आधी नाव, मोबाईल नंबर, ईमेल भरायचा, मग ‘आमचे प्रतिनिधी संपर्क करतील’. प्रतिनिधी संपर्क करतात. त्यांच्या मागोमाग, ज्यांना आपण कधीच नंबर दिला नव्हता अशांचेही फोन सुरू होतात आणि ते महिनोन् महिने थांबत नाहीत. नवी मुंबईचा विमानतळ झाला, पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचे काम दिसू लागले, तसा हा ओघ वाढतच गेला.

त्याचा फटका याच दोन तालुक्यांतल्या छोट्या ऑनलाइन दुकानांना बसतो आहे. हातसडीचा तांदूळ, नाचणीचे पीठ, मसाले, कुरडया, माथेरानची चिक्की आणि चपला, उन्हाळ्यात आंबा असा माल आता इथली माणसे स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतात. ही दुकाने बहुतेक तयार साच्यावर उभी असतात. साच्याबरोबर साइनअपचा फॉर्मही येतो आणि अनेकदा त्याची मांडणी ठरलेली असते: पान उघडून पाच सेकंद झाली की पडदाभर चौकट, ‘नंबर द्या, दहा टक्के सूट मिळवा’, आणि ती येईल त्या प्रत्येकाला. हा निर्णय दुकानदाराने घेतलेला नसतो. तो कुणीच घेतलेला नसतो, म्हणूनच तो बदलायचे कुणाला सुचत नाही.

माझे म्हणणे असे आहे की फॉर्मचा रंग, मजकूर, सूट या सगळ्यांच्या आधी एकच गोष्ट ठरवायला हवी. तो कोणाला दिसेल आणि कोणाला अजिबात दिसणार नाही?

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात, तेवढा वेळ गाडी थांबते आणि तेवढ्यात फलाटावर वड्यांची विक्री होते. विक्रेता खिडकीशी येतो, गरम वडा हातात देतो, पैसे घेतो, पुढच्या खिडकीकडे जातो. त्याने आधी प्रवाशाचे नाव आणि नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली असती तर इंजिन लागून गाडी घाटात शिरली असती आणि वडे टोपलीतच राहिले असते. मोबाईलवर दुकान उघडणाऱ्या माणसाकडेही तेवढाच वेळ असतो. खांडस किंवा आंबिवलीच्या बाजूला जिथे नेटवर्क रडतखडत चालते, तिथे तर पाच सेकंदांत मालाचा फोटोसुद्धा पूर्ण उतरलेला नसतो. माणसाला आधी दिसतो तो फॉर्म, आणि छोट्या पडद्यावर त्याची फुली बोटाखाली सापडत नाही. तो दुकानच बंद करून निघून जातो.

पॉप-अप नावाची ही चीज मुळात ग्राहकासाठी जन्मलेलीच नाही. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी तिचा कोड लिहिणाऱ्या इथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफी मागितली. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात आक्षेपार्ह पानावर झळकलेली आवडली नव्हती, म्हणून जाहिरात पानापासून वेगळी काढून स्वतंत्र खिडकीत दाखवण्याची युक्ती निघाली. जाहिरातदाराची अडचण सुटली आणि वाचकाची सुरू झाली. पुढे जानेवारी २०१७ पासून गूगलनेही, शोधातून आलेल्या माणसापुढे मोबाईलवर लगेच मजकूर झाकणारी चौकट आणणाऱ्या पानांना क्रमवारीत खाली ढकलायला सुरुवात केली. म्हणजे फॉर्म सगळ्यांना दाखवण्याने आलेले गिऱ्हाईक जाते, आणि नवे येण्याची वाटही अरुंद होते.

मग दाखवायचा कोणाला? मला याचे उत्तर या भागाच्या शेतीतच दिसते. इथले भात पावसावरचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, मळणी, मग भरडाई. कर्जतच्या संशोधन केंद्राने दिलेले ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ यांसारखे वाण असोत की घरात जपलेले जुने बियाणे, नवा तांदूळ बाजारात येण्याचा काळ ठरलेला आहे. ऑगस्टमध्ये कुणी दुकानावर आला आणि नव्या तांदळाच्या पानावर पोहोचला, तर त्याला देण्यासारखे तुमच्याकडे त्या दिवशी काहीच नसते. नंबर मागायचा तो या माणसाला. कारण त्याला सांगण्यासारखे काहीतरी खरे आहे: तयार झाला की कळवतो. आंब्याच्या पानावर डिसेंबरात आलेला, संपलेल्या मसाल्याच्या पानावर आलेला, जिथे तुमची गाडी अजून जात नाही अशा गावचा, या सगळ्यांना तुम्ही आज रिकाम्या हाताने परत पाठवत आहात. फॉर्म त्यांच्यासाठी आहे. ज्याला माल आत्ता मिळू शकतो त्याला माल दाखवा आणि वाट मोकळी ठेवा.

हे करणे अवघड नाही. जवळपास प्रत्येक फॉर्म-सेवेत ‘कोणत्या पानावर दाखवायचा’ हा पर्याय असतो. तिथे ‘सर्व पाने’ काढून फक्त हंगाम संपलेल्या आणि माल संपलेल्या वस्तूंची पाने टाकायची. खरेदीच्या टोपलीचे पान, पैसे भरण्याचे पान, ऑर्डर कुठवर आली ते पाहण्याचे पान आणि तक्रारीचे पान, इथे तो कधीच येऊ नये. खराब निघालेल्या पिठाबद्दल लिहायला आलेल्या बाईंपुढे ‘आमच्या परिवारात सामील व्हा’ ही चौकट उघडणे मला असभ्यपणाचे वाटते.

गावावरून निवड करताना मात्र एक फसगत आहे आणि तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. फॉर्म-सेवा माणूस कुठून आला हे त्याच्या इंटरनेट जोडणीवरून ओळखतात. मोबाईलचे इंटरनेट कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडते. त्यामुळे कर्जतच्या बाजारपेठेत उभा असलेला माणूस दुकानाला मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकतो. ‘फक्त मुंबईकरांना दाखवा’ असा नियम लावला की तो खालापूरच्या शेजाऱ्यालाही लागू होतो. त्यापेक्षा पिनकोड विचारावा. तो विचारायला चौकट उघडावी लागत नाही, मालाच्या किमतीखाली सहा आकड्यांची एक छोटी जागा पुरते. ४१०२०१ लिहिले की कर्जत, ४१०२०२ खालापूर, ४१०२०३ खोपोली, ४१०१०१ नेरळ. ४१०१०२ आले की माथेरान, आणि मग तुम्हाला सांगता येते की दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही, तेव्हा माल वर पोहोचायला एक दिवस जास्त लागेल. पिनकोडावरून कुणाचे घर ओळखता येत नाही, कुणाला फोन लावता येत नाही. तरी ग्राहकाला त्याच्या कामाची माहिती लगेच मिळते. ‘तुमच्या गावी अजून पोहोचत नाही’ हे उत्तर आले की त्याच्याच खाली, पडदा न झाकता, फॉर्म ठेवावा. तिथे नंबर देणाऱ्याला आपण तो का देतो आहोत हे ठाऊक असते.

जुन्या गिऱ्हाइकाचा प्रश्न वेगळा. पाच वर्षे तुमच्याकडून तांदूळ नेणाऱ्या काकूंना ‘पहिल्यांदाच आलात? नंबर द्या’ असे विचारले जाते, ते यंत्राला त्या आठवत नाहीत म्हणून. ओळख राहते ती त्यांच्या फोनच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीत, आणि ती फार टिकाऊ नसते. आयफोनच्या सफारीत अशी कुकी बहुतेक वेळा सात दिवसांत पुसली जाते. इन्स्टाग्रामच्या आत उघडलेल्या पानाला नेहमीच्या ब्राउझरमधली ओळख माहीत नसते. म्हणून ‘एकदा बंद केल्यावर तीस दिवस दाखवू नका’ हा नियम लावूनही फॉर्म पुन्हा पुन्हा येत राहतो. यावर सोपा इलाज आहे. जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर दुकानाची लिंक पाठवताना तिच्या शेवटी एक ठरावीक खूण जोडायची आणि नियमात लिहायचे की ही खूण असलेल्या लिंकवरून आलेल्याला फॉर्म दाखवू नये. तेवढ्याने सगळे सुटत नाही, पण निदान आपण स्वतः बोलावलेल्या माणसाला दारात थांबवले जात नाही.

आणि फोन कोणाच्या हातात आहे? आपल्याकडे अजून कितीतरी घरांत एकच चांगला फोन असतो. संध्याकाळी तो मुलांकडे जातो. आईने उघडलेले दुकान मुलाच्या हाती उघडेच असते, आणि सवलतीचे आमिष दाखवणारी चौकट दिसली की ते मूल आईचा नंबर टाकून मोकळे होते. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळून घेतलेली संमती मागितली आहे. छोट्या दुकानाने वय तपासत बसावे असे मी म्हणणार नाही. पण बक्षिसाचे चक्र फिरवायला लावून नंबर घेणारे फॉर्म मुलांनाच सगळ्यांत जास्त ओढतात. ते आपल्या दुकानातून काढून टाकावेत, आजच.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीची मुख्य कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती देऊन घेतलेली हवी. ती परत घेणे देण्याइतकेच सोपे हवे. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी, म्हणजे मराठीतही. त्याआधीच, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि ती आजही लागू आहेत. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. सारखे मागे लागणे हा त्यातला एक. खरेदीसाठी बातमीपत्राचे सदस्य व्हायला भाग पाडणे हे सक्तीच्या प्रकारात मोडते. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे बटण ठेवून नकार देणाऱ्याला ओशाळे करणे हाही वेगळा प्रकार म्हणून नोंदवला आहे. ही बटणे मी आपल्याच भागातल्या दुकानांवर पाहिली आहेत. ती बाहेरून आणलेल्या साच्यातून जशीच्या तशी भाषांतरित झालेली असतात. आपल्या माणसांशी आपण समोरासमोर कधीच असे बोलत नाही.

‘पण मग यादी वाढणार कशी?’ हा प्रश्न दुकानदार विचारतात आणि तो रास्त आहे. जाहिरातीला पैसे नाहीत, यादी हीच त्यांची पुंजी. पण ती यादी वापरायची कशी, हेही पाहायला हवे. व्हॉट्सॲप बिझनेसच्या साध्या ॲपवरून एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि निरोप पोहोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच. सवलतीसाठी नंबर टाकून गेलेला पर्यटक तुमचा नंबर कशाला जतन करेल? मोठ्या प्रमाणावर पाठवायची व्यवस्था घ्यावी, तर जाहिरातीच्या प्रत्येक निरोपाचे पैसे मोजावे लागतात. तिथे अशा पाहुण्यांचा भरणा म्हणजे दर निरोपामागे वाया जाणारा खर्च, आणि वर कुणी ‘स्पॅम’ म्हणून तक्रार केली तर नंबरच बंद पडण्याची भीती. नव्या तांदळाची वाट पाहणारे थोडेच लोक मिळाले तरी ते तुमचा नंबर जतन करतात. यादी हळू वाढेल, हे मान्य आहे. ती हळू वाढावी असेच मला वाटते.

यंदाच्या भरडाईआधी ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांनी तांदळाच्या पानावर, किमतीच्या जागी, एवढा मजकूर ठेवावा: ‘नवा तांदूळ अजून तयार नाही. भात भरडून झाले की व्हॉट्सॲपवर एकच निरोप पाठवू. नंबर फक्त त्यासाठी वापरू आणि कुणालाही देणार नाही. नको असेल तेव्हा “थांबवा” असे लिहा.’ खाली दोन बटणे, सारख्याच आकाराची: ‘कळवा’ आणि ‘नको’. ‘नको’ दाबले की चौकट जावी आणि बाकीचा माल दिसावा. तांदूळ आला की निरोप पाठवा, आणि ज्यांनी त्यानंतर काही मागवले नाही त्यांचे नंबर यादीतून पुसून टाका. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांना तांदूळ हवा असेल, तर त्याच पानावर ते पुन्हा नंबर लिहितील.